दहा टक्के राख

पीएच.डी.चा प्रबंध हातात आला की मी आधी ऋणनिर्देश काढते. काळ्या रेक्झिनची बांधणी, तिच्यावर सोनेरी अक्षरं, आत सह्या-शिक्क्यांची प्रमाणपत्रं आणि त्यांच्यामागे दबून बसलेलं ते एक-दीड पान. बाकीचं वाचायचं असतंच, त्यासाठीच तर तो ठोकळा टपालाने आलेला असतो. पण हे पान मी हौसेने वाचते. तिथे मुलं बोलतात. एका मुलीने लिहिलं होतं, की ऐन दिवाळीत क्युरिंग टँकचं पाणी बदलायला लॅबमधले मामा घरचं अभ्यंगस्नान आटोपून यायचे. एकाने साखर कारखान्यापासून कॉलेजपर्यंत राखेची पोती फुकट आणून टाकणाऱ्या टेम्पोवाल्याचे आभार मानले होते, टेम्पोच्या नावासकट. एकाने आईविषयी फक्त एक ओळ लिहिली होती : ‘कधी संपणार’ असं तिने एकदाही विचारलं नाही. इंग्रजी मोडकंतोडकं असतं, आर्टिकलं वाटेल तिथे पडलेली असतात. पण कोणी काय दिलं, कधी दिलं आणि ते केवढ्या मोलाचं होतं, याबद्दल तसूभर गोंधळ नसतो.

मग पान उलटतं, पहिलं प्रकरण सुरू होतं आणि हाच मुलगा ओळखू येईनासा होतो. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते, त्यामुळे माझ्या वाट्याला येणाऱ्या प्रबंधांची पहिली ओळ मला पाठ आहे. पाण्याखालोखाल जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा पदार्थ म्हणजे काँक्रीट, ही ती ओळ. लग्नपत्रिकेत कुलदेवतेपासून सुरुवात करावी तसं काँक्रीटचं माहात्म्य, मग रोमन लोक, मग पोर्टलंड सिमेंटचा जन्म, मग पर्यावरणाचा ऱ्हास. आणि एवढा गोतावळा पार केल्यावर कुठेतरी विसाव्या पानावर आपल्या चिरंजीवांचं पहिलं दर्शन. तेही कर्मणी प्रयोगात. ‘असे आढळून आले आहे.’ कोणाला आढळलं, कुठे, किती वेळा, काही पत्ता नाही.

ही मुलं आळशी नसतात, ढ तर मुळीच नसतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये काँक्रीट कालवणाऱ्या पोराला आळशी कोण म्हणेल? माझा कयास असा आहे, की ऋणनिर्देश लिहिताना त्याला सगळं नक्की माहीत असतं आणि पहिलं प्रकरण लिहिताना काहीच नक्की माहीत नसतं. आपल्याला शेवटी काय म्हणायचंय हे ठरलेलं नसतं. मग तो मोठ्या माणसांच्या वाक्यांआड उभा राहतो. ती वाक्यं उचलली की सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये लाल-निळे पट्टे उमटतात, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीने दहा टक्क्यांपर्यंतच साम्य चालवून घेतलंय. मग ते पट्टे घालवण्यासाठी शब्द बदलायचा खेळ. हे सॉफ्टवेअरकडून करून घेणारे जगभर आहेत. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘बनावट जाणीव’ झाल्यासारखे विनोद छापील पेपरांत सापडले आणि २०२१ साली फ्रान्सच्या गियोम कबानाक यांनी सहकाऱ्यांसोबत असल्या छळलेल्या शब्दप्रयोगांची यादीच मांडली. आता यंत्रं सुधारली आहेत, मसुदे गुळगुळीत येतात. मला जुने खडबडीत मसुदे बरे वाटायचे. वाक्य जिथे मोडायचं तिथे बहुधा विचारही मोडलेला असायचा, बोट ठेवायला जागा मिळायची. गुळगुळीत वाक्यावरून बोट घसरतं.

मागे माझ्याकडे सांगलीकडचा एक मुलगा होता. विषय उसाच्या चिपाडाच्या राखेचा. कारखान्याचा बॉयलर चिपाडावर चालतो, हंगामभर राख निघते, तिचे डोंगर कारखान्यामागे पडतात आणि वारा सुटला की आजूबाजूच्या वस्तीत वाळत घातलेली धुणी काळी होतात. या राखेत सिलिका असते. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी ही सिलिका सावकाश जुळते आणि तिचंही बंधक द्रव्य तयार होतं. म्हणजे थोडं सिमेंट काढून त्या जागी राख घातली तर चालावं. सिमेंट वाचवणं ही काही हौस नव्हे. चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीचं इंधन वेगळंच, आणि जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या खात्यावर आहे.

त्याच्या मसुद्यातलं मुख्य वाक्य साडेचार ओळींचं होतं. कर्ता पहिल्या ओळीत, क्रियापद चौथ्या ओळीत, मध्ये कंसांची आणि संदर्भांची गर्दी. ती बाजूला सारल्यावर उरत होतं ते एवढंच : दहा टक्के राख घातल्याने काँक्रीटची ताकद लक्षणीय वाढते.

‘वाढते म्हणजे किती?’ मी विचारलं.

‘दीड मेगापास्कल, मॅडम.’

‘आणि तीन क्यूबांत आपापसात किती फरक आहे?’

तो वही चाळायला लागला. ही वही म्हणजे लॅबची निरीक्षणवही. सिमेंटच्या बोटांनी काळवंडलेली, कोपरे दुमडलेली, एका पानावर चहाच्या कपाचं गोल. पंधरा सेंटिमीटरचे तीन क्यूब ओतायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, यंत्राखाली फोडायचे आणि तिघांची सरासरी ती त्या मिश्रणाची ताकद, ही आमची रीत. तिघांपैकी एखादा सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून जास्त ढळला तर निकाल बाद, असं भारतीय मानक सांगतं. त्याचे राखेचे तिन्ही क्यूब पस्तिशीच्या आसपास फुटले होते. बिनराखेच्या साध्या काँक्रीटचे दोन क्यूबही पस्तिशीलाच. तिसरा मात्र तीसच्या जरा वर गेल्यावरच गेला होता. पंधरा टक्क्यांच्या नियमात तो बसत होता, म्हणून सरासरीत धरला गेला होता, आणि त्या एकट्याने साध्या काँक्रीटची सरासरी दीड मेगापास्कलने खाली ओढली होती. राखेने काही वाढवलं नव्हतं. आणि त्या तिसऱ्या क्यूबसमोर वहीच्या समासात पेन्सिलीने, मराठीत, लिहिलेलं होतं : ‘साचा काढताना कोपरा उडाला.’

ती पेन्सिलीची ओळ मी बराच वेळ बघत राहिले. अक्षर घाईचं, पण टीप अगदी चोख. त्याला हे माहीत होतं. कोपरा उडाला तेव्हा त्याने तो पाहिला होता, त्याची दखल घ्यावीशी वाटली होती, शेजारी पेन नव्हतं म्हणून पेन्सिल घेतली होती. वहीतून संगणकावर आकडे गेले, संगणकातून आलेख आले, आलेखांवरून इंग्रजी वाक्य झालं आणि या प्रवासात कोपरा उडालेला क्यूब कुठेतरी मागे राहिला. तक्त्यात समासाला जागा नसते.

त्याने ते क्यूब पुन्हा ओतले. या वेळी प्रत्येक मिश्रणाचे नऊ-नऊ. मग अठ्ठावीस दिवस. आमच्या विषयातला हा कालावधी कोणालाही माफ नाही. गाईड कितीही मोठा असो, नोकरीची मुलाखत कितीही तोंडावर आलेली असो, सिमेंट आपल्या गतीनेच मुरतं. निकाल आले तेव्हा दोन्ही सरासऱ्या जवळजवळ सारख्या होत्या. ‘लक्षणीय वाढते’ गेलं. त्याचा चेहरा उतरला.

‘मॅडम, मग नवीन काय राहिलं?’

मी त्याला म्हटलं, ‘दहा टक्के सिमेंट काढलंस आणि ताकद घटली नाही. अरे, तुला अजून काय हवंय?’

त्याला ते लगेच पटलं नाही. ‘वाढते’ या क्रियापदात रुबाब असतो. ‘घटत नाही’ म्हणायला त्याला कमीपणा वाटत होता. साहजिक होतं, कारण त्याने वाचलेल्या शंभर पेपरांत सगळीकडे सगळं वाढतच होतं. मग मी त्याला फॅरडेच्या डायरीविषयी सांगितलं. मायकेल फॅरडे १८३२पासून प्रयोगांच्या नोंदींना ओळीने क्रमांक देत गेला. हे क्रमांक सोळा हजारांच्या वर गेले. आज जमलेलं, आज न जमलेलं, उद्या करून बघायचं, सगळं क्रमांकाने, मागच्या नोंदीचा हवाला देत. गुरुत्वाकर्षणाचा विजेशी काही संबंध असेल असं त्याला मनापासून वाटायचं. १८४९मध्ये त्याने धातूच्या वस्तू आणि वेटोळी उंचावरून खाली सोडून वीज निर्माण होते का ते पाहिलं. काही झालं नाही. तरी त्याने ते सगळं व्यवस्थित लिहून काढलं, नकारासकट, आणि रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ने ते छापलं. संबंध आहे हा त्याचा विश्वास ढळला नाही, पण पुरावा मिळाला नाही हेही त्याने झाकलं नाही. विश्वास एका जागी, पुरावा दुसऱ्या जागी. ही दोन खाती वेगळी ठेवणारा माणूस फारसा शाळेत गेलेला नव्हता, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आला होता.

नवं वाक्य लिहायला आम्ही बसलो तेव्हा मी त्याला इंग्रजी बाजूला ठेवायला सांगितलं. आधी मराठीत सांग. त्याने सांगितलं, आणि सरळ सांगितलं : ‘चाळलेली राख दहा टक्क्यांपर्यंत घातली तर अठ्ठावीस दिवसांची ताकद घटत नाही. त्यापुढे घटते.’ किती, कशाची, किती दिवसांनी, कुठपर्यंत, सगळं त्यात आलं. हेच आता इंग्रजीत उतरव म्हटल्यावर पुन्हा ते साडेचार ओळींचं भूत डोकं वर काढायला लागलं. इथे मला जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वान यांचा १९९० साली ‘अमेरिकन सायंटिस्ट’मध्ये आलेला लेख उपयोगी पडतो. विज्ञानलेखनावर मी जे काही वाचलंय त्यात मला सर्वांत कामाचा वाटलेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वाचणारा काही अपेक्षा धरूनच वाक्यात शिरतो : कर्ता दिसला की त्याला लगेच क्रियापद हवं असतं, सुरुवातीला ओळखीचं काहीतरी हवं असतं, आणि नवी, महत्त्वाची गोष्ट वाक्याच्या शेवटी मिळेल असं तो धरून चालतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आपण ते येईपर्यंत बिनतक्रार थांबतो. त्यामुळे आपल्या मुलांना कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये अख्खं गाव वसवलं तरी काही वावगं वाटत नाही. इंग्रजी वाचणारा मात्र तोवर दमतो. मी त्याला क्रियापद पुढे ओढायला लावलं आणि ‘दहा टक्क्यांपर्यंत’ हे शेवटी न्यायला लावलं. साडेचार ओळींच्या दीड झाल्या. ‘लक्षणीय’ कुठेच राहिलं नाही.

किती ठाम बोलायचं, हा मला या सगळ्या लेखनातला सर्वांत नाजूक भाग वाटतो, आणि तो शिकवायला फार अवघड आहे. दिसतं, सूचित होतं, सिद्ध होतं, अशी क्रियापदांची एक उतरंड असते. भित्रा मुलगा सगळीकडे ‘असू शकेल’ लिहून मोकळा होतो, धीट मुलगा सगळीकडे ‘सिद्ध झाले’ ठोकून देतो; आणि दोघांनाही आपल्या आकड्यांकडे पुन्हा पाहायचं नसतं. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा लेख मी या मुलांना मुद्दाम वाचायला देते. विषय आमचा नाही, पण लेख पान-सव्वा पानाचा आहे, त्यामुळे कंटाळा येण्याआधी संपतो. २५ एप्रिल १९५३च्या ‘नेचर’मधला. आकृती क्रिकच्या बायकोने, ओडीलने काढली, टंकलेखन वॉटसनच्या बहिणीने केलं. या रचनेतून आनुवंशिकतेचं कोडं उलगडतं, हे लेखात सविस्तर लिहावं असं क्रिकला वाटत होतं. रचनाच चुकीची निघाली तर काय, या धास्तीने वॉटसन नको म्हणत होता. शेवटी तडजोड म्हणून एक वाक्य घातलं गेलं : या जोड्यांवरून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल हे आमच्या ध्यानात आलेलं आहे, अशा आशयाचं. एवढंच. दावा केला तर नाही, पण जागा राखून ठेवली. पाच आठवड्यांनी, ३० मेच्या अंकात, दुसऱ्या लेखात त्यांनी तो विचार मोकळेपणाने मांडला. ते वाक्य विनयाचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात विनयापेक्षा धास्ती आणि उतावीळपणा यांची बरोबरी झालेली दिसते, आणि म्हणूनच ते आवडतं.

त्या लेखाचा ऋणनिर्देशही मी अर्थातच वाचला आहे. विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांचं सर्वसाधारण ज्ञान आम्हाला चालना देऊन गेलं, अशा अर्थाचं तिथे काहीतरी आहे. ‘सर्वसाधारण’. रोझलिंड फ्रँकलिनच्या देखरेखीखाली रेमंड गॉस्लिंग या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने १९५२ साली घेतलेलं ते प्रसिद्ध एक्स-रे छायाचित्र विल्किन्सने वॉटसनला दाखवलं होतं, आणि तिला त्याची कल्पना नव्हती. मुख्य दाव्यात तोलूनमापून बोलणारी ही माणसं आभार मानताना मात्र मोघम झाली. आमच्या मुलांचं नेमकं उलट. टेम्पोचं नावसुद्धा विसरत नाहीत.

प्रबंध जाड असावा ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे. तीनशे पानांच्या खाली काम झालंय असं कोणाला वाटतच नाही. मग परिशिष्टं फुगतात, यंत्रांची छायाचित्रं येतात, सिमेंटच्या पोत्याचंही एक छायाचित्र असतं. अशा वेळी मला कमलाबाईंची आठवण होते. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारणारे खुद्द सी. व्ही. रामन होते. त्या हटल्या नाहीत, अटी घालून का होईना प्रवेश मिळवला, पुढे केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवलं आणि १९३९मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रबंध चाळीस पानांचा. त्यांची थोरली बहीण म्हणजे दुर्गाबाई भागवत. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक बटाट्याच्या पेशीत डोकावणारी, दुसरी पुढे ‘ऋतुचक्र’ लिहिणारी. त्या घरात जेवताना काय गप्पा होत असतील याचा विचार मी अनेकदा करते. झाडापानाकडे बघताना दोघींपैकी कोणी जास्त काटेकोर होतं, हे मला ठरवता आलेलं नाही.

चाळीस पानांची गोष्ट मी माझ्या राखवाल्या मुलाला सांगितली. त्याने सिमेंटच्या पोत्याचं छायाचित्र काढून टाकलं, निरीक्षणवहीतल्या टिपांचं एक परिशिष्ट मात्र घातलं. इंग्रजीत, पण टीप न् टीप. चहाच्या कपाचं गोल तेवढं वगळलं.

मग फॉरमॅट. याविषयी फार बोलण्यासारखं नाही, पण त्यात जीव जातो हे खरं. डाव्या बाजूला बांधणीसाठी जास्त समास, ओळींत दीडपट अंतर, तक्त्याचं शीर्षक वर आणि आकृतीचं खाली. विद्यापीठातला कारकून फूटपट्टी लावून समास मोजतो तेव्हा मुलं चिडतात. मी त्यांना दासबोधाचा एकोणिसावा दशक दाखवते. त्याचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं असावं, ओळी सारख्या असाव्यात, आणि कडेने मोकळी जागा सोडावी म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही, इथवर समर्थांनी सांगून ठेवलंय. झडणाऱ्या कागदाचा विचार करून समास सोडणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. आणि विसाव्या शतकातला त्याचा गोत्रज म्हणजे डोनाल्ड क्नूथ. १९७७ साली आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघून तो इतका नाराज झाला, की छपाईसाठी स्वतःचीच प्रणाली लिहायला बसला. तीच ‘टेक’, तिच्यावर उभ्या राहिलेल्या ‘लेटेक’मध्ये आज आमची मुलं समीकरणं लिहितात. तिच्या आवृत्तीचा क्रमांक दर सुधारणेसरशी पायच्या एकेक दशांश स्थळाने पुढे सरकतो. अशा माणसाने ठरवलेला समास मोजायला फूटपट्टीच लागणार.

प्रबंधाआधी त्याचा पेपर गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांत पेपरची सक्ती काढून टाकलीय, तरी पेपर हवाच असं मला वाटतं, कारण अनोळखी माणसाने आपलं लिहिणं वाचून त्यावर शेरे मारणं हा अनुभव व्हायव्हाच्या आधी एकदा तरी यावा. तीन परीक्षकांपैकी एकाने लिहिलं की यात नवीन काही नाही, इतरांच्या प्रयोगांत ताकद वाढते, यांच्या नाही, तेव्हा प्रयोगात खोट असावी. मुलगा दोन-तीन दिवस लॅबकडे फिरकला नाही. आला तेव्हा मी त्याला आइन्स्टाइनची गोष्ट सांगितली. १९३६ साली त्याने आणि नॅथन रोझेनने ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक लेख पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा रोख होता. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे धाडला आणि दहा पानी शेरा आला. आइन्स्टाइन भडकला. छापण्यापूर्वी तो कोणा तज्ज्ञाला दाखवायची परवानगी मी दिली नव्हती, असं कळवून त्याने लेख परत मागवला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन, हे कित्येक दशकांनी उघड झालं. तेच रॉबर्टसन पुढे प्रिन्स्टनला आइन्स्टाइनच्या सहकाऱ्याशी, इन्फेल्डशी बोलले, चूक कुठे आहे ते त्यांनी दाखवून दिलं, आणि १९३७मध्ये लेख दुसऱ्या नियतकालिकात छापून आला तो निष्कर्ष फिरवून.

‘म्हणजे परीक्षक नेहमी बरोबर असतो?’ मुलाने विचारलं.

‘छे. तुझा हा तर चुकलाच आहे. पण तो का चुकला ते बघ.’

ते बघायला आम्हाला एक दुपार लागली. त्याने वाचलेले पेपर ज्या राखेवर होते ती भट्टीत पुन्हा भाजलेली, गिरणीत पिठासारखी दळलेली होती. राख जितकी बारीक तितकी ती चुन्याशी लवकर जुळते. याची राख कारखान्यामागच्या ढिगावरची, नुसती चाळलेली. मसुद्यात हे होतं, पण तिसऱ्या विभागाच्या सातव्या परिच्छेदात. शीर्षकात नव्हतं, सारांशात नव्हतं. परीक्षकाने तिथवर वाचलंच नसणार, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? मुलाने ‘न दळलेली’ हे विशेषण थेट शीर्षकात नेलं, उत्तराच्या पत्रात कुठेही आवाज न चढवता फरक समजावून सांगितला, एका मुद्द्यावर परीक्षकाचं म्हणणं मान्य करून आलेखात त्रुटिरेषा घातल्या. पेपर स्वीकारला गेला. त्या पत्रातला तिसरा परिच्छेद त्याने आजवर लिहिलेलं सर्वांत चांगलं इंग्रजी आहे असं माझं मत आहे. रागावर बसून लिहिलेलं होतं, पण राग कुठे दिसत नव्हता.

व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक जुने जाणते होते. सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर नेहमीप्रमाणे हट्टाला पेटला होता, मागच्या रांगेत त्याची आई-वडील-बहीण नव्या कपड्यांत अवघडून बसली होती आणि लॅबमधले मामा दाराशी उभे होते. परीक्षकांनी प्रबंधात जागोजागी चिठ्ठ्या घातलेल्या होत्या. पहिला प्रश्न अपेक्षित होता.

‘बाकी सगळ्यांची ताकद वाढते. तुमचीच का नाही?’

‘सर, त्यांची राख दळलेली आहे. मी ढिगावरची चाळून घेतली. साइटवरचा मुकादम तेवढंच करेल, त्याच्याकडे गिरणी नसते.’

‘बरं. आणि पंधरा टक्क्यांना?’

‘घटते, सर. पाचव्या प्रकरणात आहे.’

‘पण नव्वद दिवसांनी पुन्हा बरोबरीला येते, असं तुम्ही लिहिलंय.’ परीक्षकांनी एक चिठ्ठी उचलून पान उघडलं. ‘हे “येते” किती क्यूबांवरून म्हणता?’

‘नऊ, सर,’ तो म्हणाला, ‘आणि त्यातल्या एकाचा कोपरा उडालेला आहे. तळटीप आहे खाली.’